हात कुणाचे वर होते

पामिउत, ८ नोव्हेंबर १९८१

विहीणबाई,

आधी सुनेची खबर, नाहीतर तुम्ही पत्र तिथेच फेकाल. किस्ता ठणठणीत आहे. पाचवा संपत आला. वाळवलेले मासे चरबीत बुडवून दिवसभर खात असते. आमचा गेर्थ तिच्यापुढे ताट धरून उभा असतो, हे काही मी तुम्हाला सांगितलं नाही.

आता खरी बातमी. तारीख ठरली. तेवीस फेब्रुवारी. युरोपच्या सामायिक बाजारात राहायचं की बाहेर पडायचं, एकदाचं विचारणार आहेत आपल्याला! नऊ वर्षांपूर्वी आपल्या या बर्फाच्या बेटावर दहातल्या सात जणांनी नको म्हटलं होतं. पण डेन्मार्क हो म्हणाला आणि आपली होडी त्याच्या दोराला बांधलेली, म्हणून गेलो फरफटत. आता आपलं इथलं घरचं सरकार आहे. आता दोर आपला आपण कापू.

आणि बाहेर पडण्याच्या बाजूने आमच्या गावात सभेला कोण बोलणार? मी! मासळीच्या कारखान्यात सुरी चालवणारी बिबियाने! मी म्हटलं, मला भाषण कुठे येतं? तर बायका म्हणाल्या, तुम्ही रोज मासे कापायच्या पट्ट्यावर जे बोलता ते शिव्या वगळून बोला.

बोलायला मुद्दा शोधावा लागत नाही. आमच्या खिडकीतून परक्या ट्रॉलरचे दिवे दिसतात. एक मोठं गावच वसल्यासारखं. ते गाव खालून समुद्र खरवडून नेतं आणि आमोस सकाळी बारा कॉड मासे घेऊन परत येतो. मागच्या वर्षी त्याची दोरीच तोडून नेली एकाने. तीनशे गळांची. नवरा माझा तीन दिवस नुसता नवे गळ बांधत बसला. आणि कुणी किती मासे धरायचे हे ठरवतात कुठे? ब्रसेल्समध्ये. ज्यांनी आपला कॉड फक्त ताटात पाहिला.

तुमच्याकडे इत्तिवाकला काय हवा आहे? तुम्ही आमच्याच बाजूच्या असणार हे धरून चालले आहे. नसाल तरी मुलाची आई मी, मान माझा. ऐकावं लागेल.

तुमची बिबियाने


इत्तिवाक, २९ नोव्हेंबर १९८१

बिबियानेबाई,

सप्रेम नमस्कार. किस्ताला मासे कमी आणि पाणी जास्त द्या. तिचे पाय सुजतात, माझेही सुजत असत.

मुलाच्या आईचा मान राखून सांगते की मी तुमच्या बाजूची नाही. राहावं असं माझं मत आहे.

तुम्ही हसाल, पण माझं कारण स्वयंपाकघरातलं आहे. इथल्या कामाच्या शाळेत मी चाळीस मुलामुलींचं जेवण करते. सुतारकाम, वीज, इंजिन दुरुस्ती, सगळं इथेच शिकतात. पूर्वी यासाठी पोरांना डेन्मार्कला पाठवत. जात ती अर्धी, येत ती त्याहून कमी. शाळेच्या दारावर पाटी आहे, युरोपच्या पैशातून बांधली म्हणून. ती पाटी मला आवडत नाही, पण छप्पर आवडतं. छप्पर काढून घेतलं तर तुमच्या भाषणाखाली पोरं कशी बसतील?

आणखी एक आहे. ते कुणाला सांगत नाही, पण तुम्ही आता घरच्या, म्हणून सांगते. ते तुमच्या-माझ्यातच राहू द्या.

आमच्या कुल्लिस्सातची कोळशाची खाण बंद झाली आणि गाव रिकामं करायचं ठरलं, त्याला पुढच्या वर्षी दहा वर्षं होतील. आम्हाला कुणी विचारलं नाही. कागद आला, जहाज आलं. किस्ता बारा वर्षांची होती. बोट निघायच्या आधी मी गुडघ्यावर बसून घराची लाकडी जमीन पुसली. साबण लावून, कोपऱ्यांसकट. नवरा दारात उभा राहून म्हणाला, “युडिथा, आता इथे कोण येणार आहे?” मला थांबता येईना. आई बोटीवर पाठ करून बसली. गावाकडे एकदाही पाहिलं नाही तिने. नव्या गावात ती एक हिवाळा जगली.

तेव्हापासून मोठमोठे निर्णय आले की मला धडकी भरते, विहीणबाई. कुणीही घेतलेले असोत. म्हणून मी म्हणते, आहे ते हलवू नका.

गेर्थला आशीर्वाद. ताट धरतो हे वाचून बरं वाटलं.

युडिथा


पामिउत, १८ डिसेंबर १९८१

विहीणबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. पट्ट्यावर कांदा नसतो, तरी बायकांना सांगावं लागलं की कांदा कापून आले.

पण बाई, तुम्हीच सांगा, हे कुठल्या बाजूचं कारण झालं? न विचारता तुम्हाला उचलून नेलं! आणि तुम्ही म्हणता, विचारलं नाही तरी चालेल, फक्त हलवू नका? तुमचं दुःख आमच्या बाजूचं आहे आणि तुम्ही मात्र त्या बाजूला जाऊन बसलात. असं कसं!

शाळेचं म्हणाल तर आपले आपण बांधू. मासे आपले राहिले तर.

इथे गाव नुसतं पेटलंय. दुकानात रांगेत भांडणं, चर्चमध्ये भांडणं. पाद्रीसाहेबांना प्रवचन आवरतं घ्यावं लागलं. सख्खे भाऊ एका होडीत असून बोलत नाहीत, वल्ही मात्र बरोबर मारतात. आमोस म्हणतो, एवढं गरम तर उन्हाळ्यातही होत नाही.

किस्ता कुणाच्या बाजूची आहे ते सांगत नाही. विचारलं की पोटावर हात ठेवून म्हणते, “हा काय म्हणतो ते बघते.” मी समजले. माझ्या घरचं मीठ खाते, माझ्याच बाजूची असणार.

दहा जानेवारीला सभा. राजधानीहून, नूकहून, रेडिओवाला टेप घेऊन येणार आहे. सगळा देश ऐकेल! आमोसला रोज पाठ म्हणून दाखवते.

नाताळच्या शुभेच्छा. खिडकीतल्या कागदी ताऱ्यात दिवा लावला आहे, तुमच्याही नावाने.

बिबियाने


इत्तिवाक, १९ जानेवारी १९८२

श्रीमती बिबियाने सँडग्रीन यांस,

गेल्या गुरुवारी शाळेत सीलच्या मटणाचं सूप ढवळत होते. रेडिओ चालू होता. चाळीस मुलं ताटं घेऊन रांगेत. तुमचा आवाज आला म्हणून मी कौतुकाने मोठा केला. स्वतःच्या हाताने मोठा केला.

मग तुम्ही म्हणालात, “माझी विहीण विरुद्ध बाजूला आहे, तरी तिने काय लिहिलंय ऐका.” आणि मी माझी जमीन पुसली जाताना ऐकली. माझा मेलेला नवरा दारात उभा राहून बोलताना ऐकला. माझी आई बोटीवर बसलेली ऐकली. सभेत लोक हुंदके देत होते तेही ऐकलं. नंतर टाळ्या.

सूप लागलं. मुलं माझ्याकडे बघत होती. एकाने हातातला डाव काढून घेतला.

मी लिहिलं होतं, तुमच्या-माझ्यातच राहू द्या. तुम्हाला वाचता येतं, हे देशाने ऐकलं.

मुलीची खुशाली यापुढे तिच्याकडून घेईन.

युडिथा आबेलसेन


पामिउत, २६ जानेवारी १९८२

विहीणबाई,

चुकलं. पण पुरतं ऐकून तरी घ्या. माझ्यासमोर तीनशे माणसं होती. बोलायचं ते सगळं विसरले. पत्र एप्रनच्या खिशात होतं. काढलं आणि वाचलं. ठरवून नव्हे. तुमचं नाव घेतलं नाही. आणि खरं सांगू? लोक असे ऐकत होते की... त्या सभेत आम्ही जिंकलो ते तुमच्यामुळे. वाईट हेतू नव्हता हो.

किस्ता माझ्याशी दोन आठवडे बोलत नाही. जेवण वाढते आणि आत जाते.

बिबियाने


पामिउत, ३ फेब्रुवारी १९८२

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. येईल असंही नाही.

आमोस एरवी माझ्या वाटेला जात नाही. काल म्हणाला, “ट्रॉलरवाल्याने माझी दोरी तोडली तेव्हा तोही म्हणाला होता, वाईट हेतू नव्हता.” एवढंच म्हणाला आणि बूट घालून बाहेर गेला.

मागचं पत्र लिहिलं ते चुकीचं लिहिलं. त्यात ‘पण’ फार होते. हे त्याशिवाय लिहिते आहे. मी तुमचा विश्वास मोडला.

बिबियाने


पामिउत, १२ फेब्रुवारी १९८२

विहीणबाई, विहीणबाई, विहीणबाई!

उत्तर द्या नाहीतर देऊ नका, मला लिहिल्याशिवाय राहवत नाही!

काल सकाळी कॉफीच्या सुट्टीत आम्ही साठ बायका कारखान्याच्या जेवणघरात बसलो होतो. रेडिओवर आवाज आला, “मी इत्तिवाकची युडिथा. ज्या बाईचं पत्र पामिउतच्या सभेत वाचलं, ती मी.” माझ्या हातातला पाव कॉफीत पडला. सगळ्या मान वळवून माझ्याकडे. मला वाटलं, जमिनीत जावं.

आणि तुम्ही काय बोललात! माझ्याविषयी एक वाकडा शब्द नाही. तुम्ही म्हणालात, “पत्र खरं आहे. पण अर्धं वाचलं गेलं, कारण अर्धंच मी लिहिलं होतं. उरलेलं आता सांगते. आमचं गाव बंद करायचा कागद दूरच्या लोकांनी लिहिला. पण प्रांतिक सभेत त्याच्यावर हात कुणाचे वर होते? आपलेही होते. आपल्या भाषेत देवाचं नाव घेणाऱ्यांचे, आपल्यासारखंच मटण खाणाऱ्यांचे. मी त्यातल्या एकाला ओळखत होते. त्याने आमच्या घरी कॉफी प्यायली होती.”

आणि पुढे तुम्ही म्हणालात,

“तुम्ही मला सांगता, निर्णय आपल्या हातात येऊ द्या. येऊ द्या. पण तो हात वर करण्याआधी ज्याचं घर जाणार त्याच्या दारात जाऊन विचारेल का, ते मला आज सांगा. कुठलीच बाजू ते सांगत नाही. म्हणून मी राहा म्हणते.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही! आमचा डॅनिश मुकादम दारात आला. त्याला आपली भाषा कळत नाही. विचारतो, “ही बाई काय म्हणते आहे?” आमच्यातली एक म्हणाली, “आम्हाला सगळ्यांना झापते आहे. तुम्हीही बसा.” आणि तो बसला!

माझं मत तिथेच आहे, ते खोटं सांगणार नाही. बाहेरच पडायचं. पण काल संध्याकाळच्या बैठकीत मी उठून विचारलं, बाहेर पडल्यावर कुणाचं गाव बंद करायचं झालं तर आपण त्या गावाला विचारू का? आमचे पुढारी खाकरले. एक म्हणाला, बिबियाने, ते नंतर बघू. मी म्हटलं, नंतर नाही, लिहा आत्ता! आमचीच बैठक मीच मोडली, विहीणबाई. घरी आले तर किस्ता दारात. म्हणाली, “आई, कॉफी ठेवू?” महिन्याभरात पहिल्यांदा.

तिला आता चालताना धाप लागते. सुईण म्हणते, महिनाअखेर.

बिबियाने


इत्तिवाक, १८ फेब्रुवारी १९८२

विहीणबाई,

तुमची तिन्ही पत्रं एकदम आली, आधीची टपालाची थैली वाटेत अडकली होती, मग धुक्याने हेलिकॉप्टर आठवडाभर उडालं नव्हतं. पहिलं वाचून चुलीत घालणार होते. दुसरं वाचून थांबले. तिसरं शाळेतल्या मुलांनी मागितलं. मी म्हटलं, नाही, पत्र म्हणजे पत्र. टोमणा समजा.

त्या रेडिओवाल्याची गंमत सांगते. तो स्वयंपाकघरात टेप घेऊन आला, तेव्हा मी पीठ मळत होते. म्हणाला, दोन मिनिटं बोला. मी म्हटलं, हात पिठात आहेत, यंत्र तू धर. वीस मिनिटं धरून उभा राहिला. पुन्हा ऐकवू का विचारलं, तर मी नको म्हटलं. ऐकलं असतं तर पुसून टाकायला लावलं असतं.

मी इतकं कधी बोलले नव्हते. दहा वर्षं तोंड शिवून बसले होते, आणि टाका तुम्ही उसवलात. दुखलं ते दुखलंच. तरी मोकळं झालं, हेही लिहून ठेवते.

इथे आता दुकानात मला वाट करून देतात. बाहेरवाले म्हणतात ही आमची, राहावाले म्हणतात ही आमची. राहावाल्यांचे पुढारी येऊन गेले. म्हणाले, तुमच्यामुळे आपण जिंकणार. मी त्यांनाही तेच विचारलं, वस्ती बंद करायची झाली तर विचाराल का? तेही खाकरले. खोकला दोन्ही बाजूंना आहे.

बावीसच्या हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळाली आहे. मत आधीच टपालाने देते. मुलीजवळ असेन. तुमच्या घरात राहावं लागेल, त्याची तयारी करते आहे.

युडिथा


पामिउत, २४ फेब्रुवारी १९८२

विहीणबाई, आजीबाई!

तार मिळाली असेलच, पण तारेत काय मावतं! तुम्ही धुक्यापायी तिथे अडकलात आणि इथे जे झालं ते ऐका.

काल सकाळी किस्ता उठली ती मत द्यायलाच. बर्फ कमरेएवढा. गेर्थ म्हणाला, राहू दे. ती म्हणाली, “माझी आई देशभर बोलली आणि मी घरी बसू?” शेवटी स्लेजवर बसवून नेली. अर्ध्या रांगेत तिने माझा हात असा आवळला की मला कळलं. मी ओरडले, सुईणीला बोलवा! ती म्हणते, “आधी मत.” लोकांनी वाट दिली. कागदांच्या टेबलावरच्या माणसाने घाईत तिचं नाव दोनदा खोडलं. पडद्याआड गेली. एक कळ आली, ती आम्ही बाहेर ऐकली. मग बाहेर आली, कागद पेटीत टाकला आणि म्हणाली, “चला आता!” सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. दोन्ही बाजू! दोन महिन्यांत पहिल्यांदा एकत्र!

दुपारी दोन वाजता मुलगी झाली. सव्वातीन किलो. आवाज माझ्यावर गेलाय असं आमोस म्हणतो. दुःखाने म्हणतो.

मत कुणाला दिलं हे मी विचारलं. “आई, पडद्याआड मी आणि ती दोघीच होतो. ती सांगेल मोठी झाल्यावर.” म्हणजे नाहीच सांगणार.

आणि निकाल! आज सकाळी रेडिओभोवती घर भरलं होतं. शंभरातले त्रेपन्न बाहेर. सगळ्या देशात दीड हजारांचाही फरक नाही! मी उड्या मारल्या, रडले, आमोसच्या टोपीत कॉफी ओतली. मग मला सत्तेचाळीस आठवले. त्यात तुम्ही. मग उड्या थोड्या खाली आल्या.

एक मागणं आहे. मुलाची आई म्हणून नाव माझ्याकडून पडायचं. मला तिचं नाव उल्रिक्के ठेवायचं आहे. तुमच्या आईचं. ज्या बाईला मी सभेत न विचारता नेलं, तिला घरात आणायची परवानगी मागते. तुम्ही हो म्हणाल तरच. नाही म्हणालात तर माझी आत्या आहे, तिचं ठेवू. ती फार भांडखोर होती, म्हणून जरा विचार करते आहे.

धुकं उठलं की या. पलंग तयार आहे.

बिबियाने


इत्तिवाक, ४ एप्रिल १९८२

विहीणबाई,

महिनाभर तुमच्या घरी राहून आले आणि आता माझं घर फार शांत वाटतं. तुम्ही झोपेतही बोलता, हे तोंडावर सांगायचं राहिलं.

तुमच्या पत्राला उत्तर लिहिलंच नाही, कारण मी स्वतःच आले. दारातून आत आले आणि तुम्ही बाळ माझ्या हातात दिलंत. मी तिला “आई” म्हटलं. आपल्यात गेलेल्याचं नाव दिलं की ते माणूस परत येतं, हे मला माहीत होतं. पण आपली आई सव्वातीन किलोची झालेली पाहायची सवय व्हायला दोन दिवस लागले.

हरल्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? शाळेच्या दुसऱ्या मजल्याचं काम थांबेल असं मुख्याध्यापक म्हणतात. खरं बाहेर पडायला अजून वर्षं लागतील, करार व्हायचे आहेत. पण पैसे देणारा हात आत्तापासून आखडला तर नवल नाही.

मुलं विचारतात, आता काय? मी म्हटलं, आता जेवा.

आणि एक विचार मनात आला आहे. पुढच्या वर्षी गावसमितीची निवडणूक आहे. बायका म्हणतात उभ्या राहा. मी म्हटलं, माझी बाजू हरली. त्या म्हणतात, “बाजू हरली, तुम्ही कुठे हरलात?” तुमच्यासारख्याच बायका दिसतात.

युडिथा


पामिउत, २ फेब्रुवारी १९८५

समितीच्या सभासद विहीणबाई,

काल आपण बाहेर पडलो! खरोखर, कायद्याने, शिक्क्यासकट! चर्चच्या घंटा वाजल्या, सगळ्यांनी सगळ्यांना कॉफीला बोलावलं, मी अकरा घरी गेले आणि अकरा घरचे केक खाल्ले. उल्रिक्के तीन वर्षांची होईल या महिन्यात. ती टेबलावर चढून ओरडली, “बाहेर!” आणि लगेच बूट घालायला लागली. तिला वाटलं, खेळायला जायचं.

पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही. संध्याकाळी खिडकीत उभी राहिले. ट्रॉलरचे दिवे होतेच. कमी आहेत, पण आहेत. आता ते आपल्या परवानगीने येतात आणि मोबदला मोजतात, तो नूकला जातो. आमोसला विचारलं, आता खुश? म्हणाला, “आता निदान शिव्या कुठे पाठवायच्या तो पत्ता जवळचा आहे.” कॉड मात्र वाढलेला नाही. पाणी थंड झालंय म्हणतात. कॉडला कुणी मत विचारलं नव्हतं.

तरी मला आनंद आहे, आणि मी तो कमी करणार नाही! आपण ठरवलं आणि झालं. आयुष्यात असं कितीदा होतं?

तुमची शाळा कशी आहे? समितीत भांडता की नाही?

बिबियाने


इत्तिवाक, १० मार्च १९८५

विहीणबाई,

भांडते. आणि आज तुम्हाला असं सांगणार आहे की तुमचे अकरा केक पचतील.

शाळा चालू आहे, दुसरा मजला अजून उघडा आहे. पैसे कमी म्हणून समितीने काटकसर काढली. जानेवारीत अध्यक्षांनी ठराव मांडला. खाडीच्या आतल्या टोकाची वस्ती बंद करायची. सहा घरं, अठ्ठावीस माणसं. तिथलं दुकान आणि शाळेची खोली चालवणं परवडत नाही. लोकांना इथे नवीन घरं देऊ, त्यांच्याच भल्याचं आहे. विहीणबाई, शब्दसुद्धा तेच. आणि अध्यक्ष कोण? तुमच्या बाजूचे. बाहेर पडायचं म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडणारे. त्यांच्या शेजारी माझ्या बाजूचे दोघे बसले होते, त्यांनीही मान डोलावली. आम्ही सात जण.

अध्यक्ष म्हणाले, “हात वर करा.” मी उठले. म्हटलं, “कुणी हात वर करायचा नाही. आधी तिथे जायचं.” ते म्हणाले, “युडिथाबाई, हिवाळा आहे, खाडीत बर्फ आहे, त्यांना कागद पाठवू.” मी म्हटलं, “कागद मला आला होता.” मग अध्यक्षांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. खोलीत सगळ्यांनी तो रेडिओ ऐकलेला होता.

शेवटी या बुधवारी गेलो. सातही जण, एका बोटीत, पुढे बर्फ फोडणारी दुसरी बोट. चार तास लागले. अध्यक्षांना बोट लागते, हे मला तेव्हा कळलं. वस्तीवर सगळी अठ्ठावीस माणसं शाळेच्या खोलीत बसली होती, मांडीवरच्या दोन पोरांसकट. निरोप दिला होता, तरी आम्ही खरंच येऊ असं कुणाला वाटलं नव्हतं. एका म्हाताऱ्याने दाराजवळच्या माणसाला विचारलं, “हे काय विकायला आलेत?”

अध्यक्षांनी आकडे वाचले. छान वाचले. मग साबिने नावाची एक बाई उठली, ऐंशीच्या पुढची, मला खांद्याला लागेल एवढी. म्हणाली, “तुम्ही एवढा मोठा युरोप सोडलात म्हणे.”

अध्यक्ष म्हणाले, “हो, आजी.”

“का सोडलात?”

“आपलं आपल्याला ठरवता यावं म्हणून.”

“मग आम्ही पण तेच म्हणतो,” ती म्हणाली. “आम्ही ठरवलंय. आम्ही इथे राहतो. आता तुमच्यात ज्याला आम्हाला उठवायचंय, त्याने इथेच हात वर करावा. माझ्याकडे बघून. खाली बघून नाही.”

विहीणबाई, तुम्ही तिथे असायला हव्या होतात! पैपैचा हिशेब ठेवणारा आमच्यातला एक सभासद कुरकुरला की मतदान गावात, समितीच्या खोलीत व्हायला हवं, नियम आहे. अध्यक्ष त्याच्याकडे वळले. बोटीने आधीच हिरवे झालेले होते. म्हणाले, “सातही सभासद हजर आहेत. खोली हीच.” आणि त्यांनी प्रश्न उलटा विचारला. वस्ती ठेवावी, असं कुणाला वाटतं?

माझा हात कधी वर गेला ते मला कळलं नाही. शेजारी शाळेच्या इंजिनवाल्या मास्तरांचा. मग माझ्या बाजूच्या दोघांतल्या एकाचा, हळूहळू, कोपर वाकडं ठेवून. तीन. पुढे काहीच नाही. चूल तडतडत होती. एक पोर रडायला लागलं आणि आईने त्याला गप्प केलं नाही. साबिने एकेका चेहऱ्याकडे बघत चालली होती, बाजारात मासा निवडावा तशी.

ती अध्यक्षांसमोर थांबली. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि त्याच हाताने...

मी सातांतले वर गेलेले हात मोजले. चुकू नये म्हणून परत मोजले.

चार. विहीणबाई, चार!

युडिथा